चार फुटांची दोरी

गुरुग्रामच्या ह्या सोसायटीत अकरा टॉवर आहेत आणि अकराही एका साच्यातले. तीच करडी भिंत, तेच काचेचं दार, दाराशी त्याच दोन कुंड्या आणि कुंड्यांत प्लास्टिकचे तेच दोन पाम. ज्याने हे बांधलं त्याला आर्किटेक्ट म्हणतात. मला विचाराल तर तो टायपिस्ट, एका अर्जाच्या अकरा प्रती काढणारा. मी स्वतः केंद्र सरकारात पस्तीस वर्षं काढली आहेत, तेव्हा प्रती कशा काढतात ते मला ठाऊक आहे.

आम्ही इथे गेल्या जुलैत आलो. त्याआधीचं सगळं आयुष्य आर. के. पुरमच्या सेक्टर आठमध्ये, सरकारी क्वार्टरात गेलं. आधी क्वार्टर ह्यांच्या नावावर होतं. हे, म्हणजे माझे यजमान श्रीरंग गुप्ते, अवर सचिव म्हणून निवृत्त झाले तेव्हा ते माझ्या नावावर झालं. मग मीही निवृत्त झाले. सहा महिन्यांत घर रिकामं करा असा कागद आला आणि आमचा मुलगा यतीन गाडी घेऊन दारात उभा राहिला. ‘पुण्याला जाऊ’ असं आम्ही तीस वर्षं म्हणत होतो. तीस वर्षं म्हणत राहिलेली गोष्ट माणूस करत नसतो. दिल्लीने ह्यांना कधी गुप्ते म्हटलं नाही, गुप्ताजीच केलं. पहिली दहा वर्षं हे प्रत्येकाला दुरुस्त करत. मग त्यांनी नाद सोडला आणि आम्ही इथलेच झालो.

आमच्याबरोबर शेराही आला. आठ वर्षांपूर्वी जानेवारीच्या कडाक्यात क्वार्टरच्या जिन्याखाली एक पिल्लू कुडकुडत पडलं होतं. ह्यांना कुत्र्यांचं वावडं. केस पडतात, कपड्यांना चिकटतात, असं नाक मुरडणारा माणूस. तरी त्या दिवशी ऑफिसातून येताना त्यांनी त्याला मफलरमध्ये गुंडाळून वर आणलं आणि मला म्हणाले, उद्या सोडून येतो. तो उद्या अजून उगवायचा आहे. रंग चहाचा, एक कान उभा, एक आडवा. नाव ठेवलं शेरा. दिल्लीकरांना वाटे, शेर म्हणजे वाघबिघ असेल. ह्यांच्या डोक्यात होता फायलीवर मारायचा शेरा. कॉलनीत तो दिवसभर मोकळा असे. खालच्या नायरबाईंकडे सकाळची इडली, समोरच्या बिल्डिंगीत दुपारची पोळी, आणि संध्याकाळी ह्यांची बस यायच्या वेळी स्टॉपवर हजर. हे निवृत्त झाल्यावरही तो महिनाभर त्या स्टॉपवर जाऊन बसायचा. शेवटी हेच संध्याकाळी सहाला जाऊन त्याला घेऊन यायला लागले.

इथे आल्यावर त्याची रवानगी सर्व्हिस लिफ्टमध्ये झाली. कुत्र्याने माणसांच्या लिफ्टने जायचं नाही, गवतावर बसायचं नाही, मुलांच्या बागेजवळून फिरकायचं नाही. माझं तरी काय वेगळं होतं म्हणा. चौदावा मजला. खिडक्या उघडायच्या नाहीत, कारण हवा खराब. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी. स्वयंपाकाला बाई, तिला माझं मध्ये लुडबुडणं खपत नाही. सून अक्षता घरूनच काम करते, कानाला हेडफोन लावून. गुणी मुलगी आहे, पण तिच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागतात. सगळं प्रेमाने चाललेलं. आणि प्रेमाने चाललेल्या गोष्टीची तक्रार करता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

ह्यांचं त्या मानाने बरं चाललं होतं. पहिला महिनाभर तर त्यांनी उच्छाद मांडला. दिवसातून चार-चार वेळा शेराला घेऊन खाली जायचं, मोठ्या फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं. भर उन्हातसुद्धा. मी रागवायची, की अहो, त्या मुक्या जनावराचे पाय भाजतील, तुम्हाला चक्कर येईल. ते ऐकून घ्यायचे आणि दोन तासांनी पुन्हा चपला घालायचे. पुढे ते सकाळ-संध्याकाळवर आलं. मी म्हटलं, सुटले.

ऑक्टोबरात एक दिवस मी सकाळी फाटकाबाहेरच्या गाडीवाल्याकडे मेथी घ्यायला उतरले होते. परत येताना हे दिसले. शेराच्या पट्ट्याला आमच्या क्वार्टरातली कपडे वाळत घालायची निळी दोरी बांधलेली, चांगली दहा-बारा फूट. हे डी टॉवरच्या पायऱ्या चढायला लागले आणि शेरा खाली बसला. ओढलं नाही की भुंकला नाही. नुसता बसला आणि ह्यांच्याकडे बघत राहिला. हे थांबले. वर बघून टॉवरचं अक्षर वाचलं. मग दोरी सैल सोडून म्हणाले, चल रे, घरी. शेरा पुढे आणि हे मागे, सी गेला, बी गेला, आणि आमच्या ए टॉवरच्या दाराशी येऊन तो थांबला. ह्यांनी वाकून त्याच्या आडव्या कानामागे खाजवलं. मी बी टॉवरच्या कुंडीआड उभी होते. मेथीची जुडी हातात कधी चुरगळली ते मला कळलं नाही.

आधी काही दिसलं नव्हतं असं नाही. एकच पेपर दोनदा वाचायचे. नायरबाईंचं नाव आठवायचं नाही, तर ‘त्या इडलीवाल्या’ म्हणायचे. साठीनंतर कोण विसरत नाही, मीही विसरते, असं म्हणून मी त्यावर पांघरूण घालत आले होते. त्या सकाळी ते पांघरूण निघालं. आपण समजत होतो की हे कुत्र्याला फिरवायला नेतात. कुत्रा ह्यांना घरी आणत होता.

यतीनला सांगायला हवं होतं, हे मला त्या क्षणी कळत होतं. सांगितलं नाही, आणि त्याला कारण आहे. ह्यांचे थोरले बंधू पद्माकरभाऊजी ठाण्याला होते. त्यांना हाच आजार झाला. एकदा घरातून निघाले ते दुसऱ्या दिवशी कल्याणला सापडले, आणि मुलांनी त्यांच्या खोलीला बाहेरून कडी घातली. चार वर्षं ते त्या खोलीत होते, जाईपर्यंत. मुलं वाईट नव्हती, बिचारी नोकऱ्या करणारी होती. हे त्यांना भेटून आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “उत्तरा, मला काय व्हायचं ते होऊ दे. फक्त कडी घालू नका.” मी हो म्हटलं होतं.

यतीनला मी ओळखते. जीव लावणारा पोरगा आहे, आणि जीव लावणारी माणसंच आधी कडी शोधतात. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. घराला आकड्यांचं कुलूप आहे, ते आकडे ह्यांना आठवणार नाहीत म्हणून रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी, ते परतायच्या वेळी मी दार उघडून उभी राहायला लागले. कुणी विचारलं तर सांगायचं, हवा घेतेय. ह्यांच्याशीही ह्या विषयावर मी अवाक्षर काढलं नाही. त्यांनीही नाही. दार उघडं बघून ते माझ्याकडे बघत आणि मी दुधाच्या पिशवीकडे. असा तिघांचा कारभार चालला होता, आणि तिघांत खरं काम करणारा एकच होता.

डिसेंबरात सोसायटीचं परिपत्रक आलं. फोनवर आलं आणि लिफ्टमध्येही चिकटलं. कुत्र्याची दोरी चार फुटांपेक्षा लांब नसावी, कुत्रा मालकाच्या डाव्या पायाशी चालवावा, पुढे जाऊ देऊ नये. सोसायटीत साठ-सत्तर कुत्री असतील. त्यांच्या मालकांनी ते वाचलं आणि विसरून गेले. परिपत्रक अक्षरशः पाळणारी माणसं दोनच निघाली, आणि ती आम्ही. जन्मभर दुसऱ्यांना परिपत्रकं पाठवलेली माणसं, कागदावर सही दिसली की आमचे हात आपोआप जोडले जातात. मीच लाल रंगाची चार फुटी दोरी मागवली. आल्यावर टेपने मोजली. निळी दोरी गुंडाळून कचऱ्यात टाकली. मला, जिने कुंडीआडून सगळं पाहिलं होतं तिला, एवढं सुचलं नाही की डाव्या पायाशी बांधलेला कुत्रा वाट कशी दाखवणार. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पंधरा दिवस कसेबसे निघाले. मग जानेवारीतली ती सकाळ आली. धुकं असं की बाल्कनीतून समोरचा टॉवर दिसेना. मी सातला दार उघडलं. साडेसात झाले. पावणेआठला इंटरकॉम वाजला आणि यतीन बनियनवरच खाली पळाला.

काय झालं ते मला नंतर हरिदासने सांगितलं. हरिदास म्हणजे एफ टॉवरचा गार्ड. धुक्यात हे एफ टॉवरशी आले. शेरा पुढे ए टॉवरकडे ओढत होता, तर ह्यांनी नियमाप्रमाणे त्याला दोनदा झटका देऊन पायाशी घेतलं. मग माणसांच्या लिफ्टने दोघं चौदाव्या मजल्यावर. आमचा फ्लॅट चौदाशे तीन, म्हणून तिथल्या चौदाशे तीनच्या कुलपावर हे कुठलेतरी आकडे दाबत राहिले. चौथ्या वेळी कुलूप बोंबलायला लागलं. आत एकटी मुलगी, कडेवर चार महिन्यांचं बाळ. तिने घाबरून गार्डला बोलावलं. हरिदासने येऊन ह्यांचा दंड धरला, आणि शेराने हरिदासची बाही. जॅकेट कोपरापासून मनगटापर्यंत फाटलं. कातडीला ओरखडासुद्धा नव्हता, हे हरिदासनेच हात दाखवून सांगितलं. पण त्या मुलीने दाराच्या फटीतून व्हिडिओ काढला होता, आणि त्यात दिसत होता तो दात दाखवणारा शेरा.

यतीनने घरी आणून विचारलं, बाबा, तुम्ही एफ टॉवरला गेलात कशाला. हे सोफ्यावर बसले होते. शेरा त्यांच्या चपलांवर हनुवटी टेकून पडला होता. हे म्हणाले, “शेरा ओढत घेऊन गेला. ऐकेचना.”

बोलताना त्यांनी यतीनकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मला कळलं की त्यांना सगळं आठवतंय. एफ टॉवर, झटके, कुलूप, सगळं. आणि मी म्हटलं, हो ना, हल्ली फार ओढतो तो. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हणतात. इथे चोर दोन होते आणि दोघांनी मिळून संन्याशाला पुढे केलं.

संध्याकाळपर्यंत सोसायटीची नोटीस आली. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, कुत्र्याची व्यवस्था करा, नाहीतर पोलिसात तक्रार होईल. यतीनने फोन फिरवले. गुरुग्रामबाहेर, सोहना गावाच्या पुढे कुठेतरी कुत्र्यांचं एक आश्रयघर होतं, रविवारी दहा वाजता त्यांची गाडी येणार असं ठरलं. मला समजावत म्हणाला, “आई, मला पण तो आवडतो यार. पण उद्या कुणाच्या मुलाला चावला तर? बिल्कुल रिस्क नको. तिथे मोकळी जागा आहे, खूश राहील.” मोकळी जागा म्हणजे पंचवीस पिंजरे आणि एक अंगण, हे मी त्यांच्या फोटोंत पाहिलं होतं. ह्यांना विचारलं तर त्यांनी मान हलवली. होकार होता की नकार, कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

गुरुवार ते शनिवार मी त्या घरात कशी वावरले ते माझं मला माहीत. इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगितलं तर शेरा वाचेल आणि ह्यांना कडी लागेल. नाही सांगितलं तर शेरा जाईल, आणि शेरा गेल्यावर हे कितीदा घरी पोचतील? चार दिवसांत उघड होणारच. म्हणजे मी चार दिवस विकत घेत होते, आणि त्याची किंमत म्हणून एक जीव देत होते. एवढं लख्ख दिसत असूनही माझी जीभ उचलली गेली नाही. शुक्रवारी अक्षताच्या खोलीपर्यंत दोनदा गेले. तिने हेडफोन काढून ‘काय आई?’ विचारलं. मी म्हटलं, चहा घेतेस का.

ह्या दिवसांत शेराला अक्षता खाली न्यायची. तो दारापर्यंत जायचा आणि मागे वळून ह्यांची वाट बघायचा. हे उठायचे नाहीत. मग ती त्याला जवळजवळ फरफटत न्यायची आणि पाच मिनिटांत परत आणायची. आल्या आल्या तो ह्यांच्या पायाशी. ज्याने आपल्यावर आळ घेतला त्याच्याच चपलांवर हनुवटी. एकदा हे त्याच्यावर खेकसले, जा तिकडे. तो उठून दोन हात लांब जाऊन बसला आणि थोड्या वेळाने पुन्हा आला. ह्यांनी तोंडावर पेपर धरला. पेपर उलटा होता.

शनिवारी दुपारी हे जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले. मला वाटलं, पेन्शनच्या कचेरीला काही लिहितायत. तीन कागद फाडले, चौथा पुरा केला. अक्षताला त्यांनी त्याच्या सोळा प्रती काढून मागितल्या. तिची मीटिंग चालू होती, तिने न वाचता प्रिंटरवर काढून दिल्या. मग इंटरकॉमवरून त्यांनी हरिदासलाच बोलावलं आणि गठ्ठा त्याच्या हवाली केला.

चारच्या सुमाराला अक्षता हेडफोन गळ्यात टाकून बाहेर आली. तिने फोन माझ्यासमोर धरला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी कागदाचा फोटो टाकला होता. ह्यांनी जन्मभर टिपणं इंग्रजीत लिहिली, हेही इंग्रजीतच होतं. मी मराठीत सांगते. वर विषय, खाली संदर्भ, मग आकडे घातलेले परिच्छेद.

“१. सदर घटनेबद्दल मी माझ्या मुलाला तोंडी दिलेली माहिती खोटी होती.

२. कुत्र्याने मला एफ टॉवरकडे ओढले नाही. तो ए टॉवरकडे ओढत होता. परिपत्रकातील सूचनेनुसार मी त्याला दोनदा मागे घेतले.

३. गेले सुमारे वर्षभर मला इमारत, मजला आणि काही वेळा वार लक्षात राहत नाही. याची मला जाणीव आहे. येथे राहायला आल्यावर पहिला महिनाभर मी कुत्र्याला दिवसातून चार वेळा फाटकापासून घरापर्यंत नेले, ते त्याला रस्ता पाठ व्हावा म्हणून. मला तो पाठ होणार नव्हता.

४. रक्षकाने धरलेला हात माझा होता. कुत्र्याने आपले काम केले. फाटलेले जॅकेट भरून देण्यास मी बांधील आहे.

५. सबब, कारवाई करायची असल्यास ती खाली सही करणाऱ्यावर करावी.”

आणि त्याखाली: प्रत माहितीसाठी. सोसायटीचे सेक्रेटरी. अकरा टॉवरचे अकरा प्रतिनिधी. सुरक्षा कक्ष. एफ चौदाशे तीन. श्री. यतीन गुप्ते. सौ. उत्तरा गुप्ते. दुसरा कुणी असता तर सेक्रेटरीला बाजूला घेऊन चार शब्द कानात सांगून मोकळा झाला असता. पण ह्यांच्या लेखी ज्याची प्रत निघाली नाही ती गोष्ट घडलीच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणा हवं तर. मला त्या वेळी एवढंच दिसत होतं की त्या तिसऱ्या परिच्छेदातल्या उन्हातल्या फेऱ्यांसाठी मी ह्या माणसाला महिनाभर रागवत होते.

यतीन बाहेर गेला होता, त्याने तो कागद फोनवर वाचला. घरात आला तो सरळ माझ्यासमोर.

“आई, तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“ऑक्टोबर.”

तो खुर्चीवर बसला. पस्तिशीला आलेला माणूस, पण क्वार्टरात परीक्षेचा निकाल घेऊन यायचा तसा दिसत होता. म्हणाला, “मी उद्या शेराला गाडीत घातलं असतं. आणि तू घालू दिलं असतंस.”

मी हो म्हटलं.

तेवढ्यात हे खोलीतून बाहेर आले. मागे शेरा. शांतपणे म्हणाले, “तिला बोलू नकोस. खोटं मी बोललो, तिने ते सांभाळलं. आता कडी घालायची तर घाल, माझी हरकत नाही. फक्त शेराला कडीच्या आत ठेव, माझ्याजवळ.”

यतीनने मिठी मारली नाही की पाय धरले नाहीत, आमच्या घरात तसलं कुणी करत नाही. तो स्वयंपाकघरात गेला आणि सगळ्यांसाठी चहा ठेवला. बराच वेळ नळ सोडून उभा होता. चहात साखर नव्हती. आम्ही चौघांनी तो तसाच प्यायला.

रविवारची गाडी आली नाही. सेक्रेटरी स्वतः घरी आले, ह्यांना सर म्हणाले, आणि गुप्ते कुटुंबाला लांब दोरी वापरायची लेखी परवानगी देऊन गेले. ह्यांनी तो कागद फाइलला लावला. एफ चौदाशे तीनची मुलगी बाळाला घेऊन आली, डब्यात गाजरहलवा होता. हरिदासने नवं जॅकेट घेतलं नाही, शिवून घेतलं म्हणाला. माणसं चांगली निघाली, नाही म्हणत नाही. पण आता सगळी सोसायटी ह्यांच्याशी मोठ्याने, सावकाश बोलते. लिफ्टमध्ये कुणीही येऊन कोपर धरतं. ह्यांना ते कोपर धरणं सहन होत नाही, आणि सोडवूनही घेता येत नाही.

कडी यतीनने घातली नाही. त्याने कुलपाचे आकडे बदलले आणि फाटकावर सांगून ठेवलं की बाबा एकटे दिसले तर फोन करायचा. कडीचा निदान आवाज होतो. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, आणि ठरलं की मी बरोबर असेन तेव्हाच ह्यांनी खाली जायचं. माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे दिवसातून एकदा, संध्याकाळी पाच ते पावणेसहा. उरलेले तेवीस तास हे जाळीशी खुर्ची टाकून बसतात, शेरा खुर्चीखाली, आणि मी त्या दोघांवर नजर ठेवायला समोर. मला वाण्याकडेही जाता येत नाही. मैत्रिणीचा मुलगा लग्नाला बोलवायला आला, मी त्याला काहीतरी कारण सांगितलं. ह्यांना दिलेला शब्द मी मोडला, आणि मोडून स्वतःही आत अडकले. रागही कुणावर काढायचा ते कळत नाही. कधीकधी शेरावरच काढते, की मेल्या, त्या दिवशी अजून जोरात ओढायला काय झालं होतं तुला. तो ऐकून घेतो.

परवा संध्याकाळी आम्ही खाली उतरलो होतो. होळी होऊन आठवडा झाला होता, फरशीवर कुठेकुठे गुलाबी डाग राहिले होते. के टॉवरच्या वळणावर माझा गुडघा दुखायला लागला, म्हणून मी बाकावर टेकले आणि ह्यांना म्हटलं, एक चक्कर मारून या, मला दिसताय. शेरा लांब दोरीच्या टोकाला पुढे, हे मागे. चक्कर पुरी करून ते आले तशी मी उठले आणि ह्यांच्या बाजूने चालायला लागले. चार पावलं गेलो असू. हे अदबीने कडेला सरकले, मला वाट दिली आणि म्हणाले, “आप भी यहीं रहती हैं?”

छत्तीस वर्षांत ह्यांनी माझ्याशी हिंदीत एक वाक्य बोललेलं नाही. हिंदी घराबाहेरची, भाजीवाल्याशी बोलायची, शेजारणींशी बोलायची. मला आधी वाटलं, थट्टा करतायत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. परक्या बाईशी सभ्य माणूस बोलतो तसं ते बोलत होते, नजर थोडी खाली ठेवून.

‘अहो, मी उत्तरा’ एवढं ओठांपर्यंत आलं होतं. पण ते ऐकून त्यांना आपली चूक कळली असती, आणि कळल्यावर तो चेहरा कसा झाला असता ते मला बघायचं नव्हतं. मी डोक्यावरून पदर सारखा केल्यासारखं केलं, डोळे पुसले आणि म्हटलं, “जी. ए टॉवर में.”

“अच्छा! हम भी वहीं हैं.” त्यांना बरं वाटलेलं दिसलं. “नई आई होंगी. यहाँ सब एक जैसा है, पता नहीं चलता. घबराइए मत.”

मग ते वाकले आणि शेराच्या कानाशी मराठीत म्हणाले, “शेरा, ह्यांनाही घरी सोडायचंय बरं का. चल.”

शेराने वळून माझ्याकडे पाहिलं आणि शेपूट हलवली. त्याने मला ओळखलं होतं. तो चालायला लागला, त्याच्यामागून हे निघाले, आणि मी ह्यांच्या मागून.